ताट गोल दिसलं पाहिजे

ते भांडण झालं तेव्हा मी मागच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसले होते. आमची खोली पहिल्या मजल्यावर आणि बरोबर खाली धम्मपाल आणि वैभव या दोघांचं व्हिडिओचं दुकान. परळची आमची चाळ जुनी, जमीन लाकडी आणि फटीफटीची. खालचा खोकला वर येतो, वरचं सांडलेलं पाणी खाली जातं. मी चोरून ऐकत नव्हते. ऐकू येत होतं आणि मी उठले नाही, एवढंच.

"मी नसताना दिलीसच कशी?" हा धम्मपाल. त्याचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला होता.

"लग्न होऊन चार महिने झाले. लोक रोज विचारतात. तू बहिणीकडे जाऊन बसलास," वैभव म्हणाला.

"अरे, माणसं चेपलीत त्यात. डोकी बघ, पडवळासारखी झालीत."

"बायका बारीक दिसल्या की खूश असतात. कोणाची कंप्लेंट आली? उलट दोघीजणी सांगून गेल्या, शूटिंग झकास झालंय म्हणून."

"ते बारीक नव्हते."

"मग काळ्या पट्ट्या देऊ वरखाली? गिऱ्हाईक बोंबलतं, अर्धा टीव्ही काळा का म्हणून."

"बोंबलू दे. ताट बघितलंस का तू? घेताना ताट बघितलंस?"

"तुझं ते ताट घेऊन बस. आणि लग्नाची सीडी दुसऱ्यांदा बघतंय कोण?"

ताट म्हटल्यावर मी सूप खाली ठेवलं, कारण ते ताट माझं होतं. पण कोणाच्या लग्नावरून भांडतायत ते काही कळलं नाही. खाली रोज कोणाचं तरी लग्न चालू असायचं. मी म्हटलं, असेल कोणीतरी, आणि तांदूळ घेऊन आत गेले. ही गोष्ट दोन हजार सातच्या एप्रिलमधली. ते भांडण माझ्याच घरावरून होतं हे कळायला मला सतरा वर्षं लागली.

आधी ताटाचं सांगते, म्हणजे धम्मपालचंही त्यातच येईल.

गिरण्या चालू होत्या तेव्हा माझी खानावळ होती. चाळीस माणसं दोन पाळ्यांत जेवायची. ताटावर ताट हरवायचं, म्हणून प्रत्येक ताटाच्या पाठीवर भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून 'शे. धों.' घालून घेतलं होतं. शे म्हणजे मी शेवंती, आणि धों म्हणजे आमचे हे, धोंडू. गिरण्या गेल्या, माणसं गेली, उरली ताटं. मग मी चार-पाच जणांना दुपारचं जेवण तेवढं देत होते. त्यात एक धम्मपाल.

तो नायगावच्या बीडीडी चाळीतला. वडील रामजी, तेही गिरणीतच होते, साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. पोरगा उंच, हळू बोलणारा, हळू चालणारा आणि एका कामाला लागला की दुसरं न दिसणारा. खाली दुकान घातलं तेव्हा पंचविशीत असेल. दुपारी वर यायचा, दाराबाहेर चपला जुळवून ठेवायचा आणि म्हणायचा, "काकी, आज काय?" मी जे असेल ते सांगायची आणि तो "वा" म्हणायचा. तांदळाची भाकरी आणि पातळ आमटी असली तरी "वा". तो जेवायला येऊ लागला तेव्हा चाळीत दोन-तीन कपाळांना आठ्या पडल्या. त्या मी बघितल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याला दार सताड उघडं ठेवून वाढायला लागले, ज्याला बघायचं त्याने नीट बघावं.

काम असलं की तो ताट खाली घेऊन जायचा. एकदा गेलेलं ताट आठ दिवस आलंच नाही. मी खाली गेले, तर हा एक टीव्ही लावून बसलेला आणि टीव्हीत माझं रिकामं ताट.

"हे काय रे?"

"काकी, हे गोल आहे का?"

"ताट गोलच असतं."

"टीव्हीतलं विचारतोय."

मी जवळ जाऊन बघितलं. "किंचित उभट आहे."

"बरोबर," म्हणाला आणि काहीतरी बटणं दाबत बसला. मला म्हणाला, बसा, समजावतो. मी चौथी पास, पण त्याने समजावलं ते मला अजून आठवतं. नवा कॅमेरा चित्र आडवं, रुंद काढतो. पण टेपवर तेवढी जागा नसते. मग कॅमेरा काय करतो, चित्र दोन्ही बाजूंनी दाबतो आणि टेपमध्ये बसवतो. गादी गुंडाळून माळ्यावर टाकावी तसं. आणि सोबत एक निरोप ठेवतो, की बाहेर काढाल तेव्हा परत पसरा. आता ही टेप कापाकापी करायला कॉम्प्युटरमध्ये घ्यायची असते. घेताना तो निरोप वाटेत पडला, तर कॉम्प्युटरला काय माहीत? तो गुंडाळलेली गादीच गादी समजतो. माणसं दाबलेलीच राहतात, लांबोडकी.

"मग माणसांकडे बघून कळत नाही?" मी विचारलं.

"माणूस कसाही असतो, काकी. जाडा असतो, बारीक असतो. अनोळखी माणसाकडे बघून काय सांगणार? ताट मात्र गोलच असतं."

म्हणून प्रत्येक शूटिंगच्या सुरुवातीला तो ताट कॅमेऱ्यासमोर धरायला लावायचा. मोकळा जो दिसेल त्याच्या हातात ताट. दहा सेकंद धरा, हलू नका. मग नंतर कॉम्प्युटरमध्ये घेतलं की आधी ताट बघायचं. ताट गोल, तर नवरानवरी बरोबर. त्यांच्यातल्या लग्नात मागच्या पडद्यावर धम्मचक्र असतं, तिथे खरं तर ताटाची गरज नाही. पण सवय. स्वतःच्या लग्नातही हा उठून कॅमेऱ्यापाशी गेला आणि नव्या नवरीने, सीमाने, पांढऱ्या साडीत उभं राहून ताट धरलं. ती अजून सांगते, की संसाराचं पहिलं काम मला हे लागलं.

लोकांना यातलं काय कळतंय. त्यांना वाटलं, व्हिडिओवाल्याचा काही शकुन आहे. लालबागच्या एका लग्नात नवरीच्या आत्याने ताट रिकामं कसं धरायचं म्हणून त्यात चार अक्षता टाकल्या. पुढच्या लग्नात कोणी हळदकुंकू वाहिलं. मग सुपारी आली. दोन वर्षांत अशी गत झाली, की परळ-लालबागात ताट दाखवल्याशिवाय शूटिंग सुरू होईना. धम्मपाल सांगून दमला, की बाई, हे मापासाठी आहे. "असू दे, असू दे," म्हणत बायका कुंकू लावायच्याच. ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या ना, त्यातल्या एकीने मुलाच्या लग्नात त्याच ताटाला हात जोडले. तो ज्यात रोज जेवायचा त्या ताटाला. मी काही बोलले नाही. काही सुखं गप्प बसून भोगायची असतात.

आता माझ्या घराचं.

माझ्या अनुजाचं लग्न डिसेंबर दोन हजार सहामध्ये झालं, प्रभादेवीच्या एका हॉलमध्ये. हिंदमातावरून साड्या, गावाहून माणसं, सगळं रीतसर. शूटिंग अर्थात धम्मपालचं. आमचे हे म्हणजे आडवा माणूस. उंचीला माझ्याएवढेच, पण जिन्यात समोरून आले तर दुसऱ्याने दोन पायऱ्या मागे जायचं. गिरणी सुटल्यावर वॉचमनकी केली, पण पोट गिरणीतलंच राहिलं. जेवण माझं, तेव्हा पोटही माझंच म्हणायचं.

फेब्रुवारीत ह्यांचं जेवण तुटलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी नाव सांगितलं त्या रोगाचं. एप्रिलपर्यंत माणूस इतका वाळला, की लेंग्याची नाडी दोन वेळा फिरवून बांधायला लागायची. त्याच एप्रिलमध्ये वैभव सीडी देऊन गेला. मी म्हटलं, चला, जरा जिवाला बरं वाटेल. ह्यांना उशीला टेकवून बसवलं आणि शेजारच्या प्रितीने सीडी लावून दिली.

मी एकाच माणसाकडे बघत होते. तुम्ही म्हणाल, सगळीच माणसं बारीक दिसत असतील, तुला कसं कळलं नाही? खरं आहे. आमची नणंद दारातून आडवी होऊन आत येते, तीसुद्धा त्यात काठीसारखी असणार. पण नणंदेकडे कोण बघतंय? मला फक्त हे दिसत होते. कन्यादानाला बसलेले. लांबट चेहरा, आत गेलेले गाल, सुकलेले खांदे. कोट अंगात, पण अंग हे असं. अगदी माझ्या शेजारी उशीला टेकून बसलेल्या माणसासारखं.

हे बराच वेळ बघत राहिले. मग मालवणीत म्हणाले, कारण मनातलं बोलायचं तर ते मालवणीतच बोलायचे, "म्हणजे मी तेव्हाच सुकाक लागललंय. तुका कसा दिसूक नाय गो?"

रागाने नाही हो. साधं विचारलं. मीठ संपलं का विचारावं तसं.

मी काय उत्तर देणार? मी खानावळवाली. माणूस उंबऱ्यात आला की मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, आज हा उपाशी आहे, आज ह्याचं पोट बिघडलंय, आज हा घरी भांडून आलाय. चाळीस परक्या माणसांचे चेहरे मला वाचता यायचे आणि घरचा माणूस डोळ्यांसमोर वाळत होता तो दिसला नाही. मी लग्नाच्या गडबडीत होते. लाडू मोजत होते. डिसेंबरातच डॉक्टरकडे नेलं असतं तर. हे "तर" मी सतरा वर्षं चावलं. श्रावणात हे गेले आणि मी सीडी साडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

ते भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी धम्मपाल वर आला होता. ह्यांच्याकडे बघितलं आणि दारातच थांबला. महिनाभर बाहेरगावी होता, त्याने ह्यांना असं बघितलंच नव्हतं.

"काकी, ती सीडी द्या जरा. नीट करून आणतो."

"राहू दे रे. ठीक आहे."

"नाही, त्यात थोडं..." तो ह्यांच्याकडे बघून गप्प झाला. खाटेवर हाडं दिसणारा माणूस. त्याच्यासमोर 'सगळे बारीक दिसतात' हे कसं बोलणार? आणि मला तर ती सीडी पुन्हा कोणी बघावी हेच नको होतं. मी म्हटलं, "राहू दे म्हटलं ना." तो गेला. नंतर दोनदा विचारलं त्याने, मी दोनदा विषय बदलला. त्याला वाटलं, काकीला काकांची आठवण नको आहे. मला वाटलं, ह्याला काहीतरी रंग-गाणी घालायची असतील. दोघंही एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून सतरा वर्षं गप्प. रोज दुपारी मात्र "काकी, आज काय?" आणि "वा."

त्या भांडणानंतर वैभव वेगळा झाला, त्याने वरळीला दुकान घातलं, ते चांगलं चाललं. धम्मपालचं बेताचंच राहिलं. सीड्या गेल्या, पेन ड्राइव्ह आले. चपटे रुंद टीव्ही आले आणि नवीनच गंमत झाली. जुन्या, चौकोनी चित्राच्या सीड्या त्यावर लावल्या की दोन्ही बाजूंना काळं यायचं. ते लोकांना खपेना, मग रिमोटने चित्र ताणायचे. आता त्या सीड्यांतल्या सगळ्याजणी फुगल्या आणि तक्रार घेऊन खाली यायला लागल्या. धम्मपाल प्रत्येकीच्या घरी जायचा, रिमोट मागायचा, मुकाट्याने चित्र पूर्ववत करायचा. कोणाकडे चहाला गेला तरी हेच. बातम्या चालू असोत, सिरियल असो, टीव्हीतली माणसं ताणलेली दिसली की ह्याला बसवत नसे. "ताई, रिमोट कुठाय?" सीमा म्हणायची, ह्यांना कोणाकडे न्यायची सोय नाही.

दोन हजार चोवीसची दिवाळी झाली आणि माझी नात श्रेया, अनुजाची मुलगी, चार दिवस राहायला आली. कॉलेजला जायला लागलेली. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात, तेव्हा त्यांना जुन्या शूटिंगची छोटी फिल्म करून द्यायची असं तिच्या डोक्यात. मला न विचारता ट्रंक उपसली. सीडी सापडली. ती तिने लॅपटॉपमध्ये घेतली आणि मी भाजी चिरत असताना म्हणाली, "आजी, आजोबा किती बारीक होते गं. फोटोत तर केवढे गुबगुबीत आहेत."

माझी विळी थांबली. "तेव्हापासूनच आजारी होते ते. माझं लक्ष गेलं नाही."

एवढंच बोलले. पण पोरगी हुशार, माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण आजी, यात मम्मीपण अशीच दिसते. सगळेच." आणि लॅपटॉप उचलून तशीच खाली गेली.

दहा मिनिटांत धम्मपाल वर आला. चपला जुळवायच्या राहिल्या होत्या. पन्नाशीकडे आलेला, केस विरळ, चष्मा कपाळावर. दारात उभा राहून म्हणाला, "काकी, तुम्ही हे सतरा वर्षं धरून बसलात?"

"काय?"

"काका लग्नात आजारी होते, हे."

"होतेच. दिसतंय ना त्यात. त्यांनी स्वतः बघितलं."

"काकांनी बघितली ही सीडी?"

मी मान हलवली आणि ते काय म्हणाले तेही सांगितलं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, अनुजालाही नाही. धम्मपाल मटकन उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "काकी, ते काका नव्हते. ती आमची चूक होती. त्या दिवशी मी वैभवशी भांडलो ते ह्यासाठीच. तुम्हाला सांगायला आलो आणि काकांना बघून जीभ हलली नाही."

"माझी समजूत काढू नकोस, धम्मपाल."

"समजूत नाही काढत. चला खाली. मूळ टेप आहे माझ्याकडे."

टेप होती. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कापडात गुंडाळलेली, वर पेनाने लिहिलेलं 'काका'. बाकीच्या लग्नांच्या टेपा त्याने कधीच टाकून दिल्या होत्या. ही, कॅमेरा चालू होता तोवर, दरवर्षी एकदा पुढेमागे फिरवून ठेवायचा, चिकटू नये म्हणून. काकी कधीतरी मागतील, म्हणाला. पण टेप लावायला तो जुना कॅमेरा लागतो आणि त्याचा कॅमेरा मेलेला. दोन दिवस फोन करत होता. शेवटी कॅमेरा मिळाला तो कोणाकडे? वैभवकडे. वैभव स्वतः घेऊन आला, डोक्याला टक्कल पडलेलं. माझ्या पाया पडला.

मी खुर्चीत बसले, श्रेया माझ्यामागे. धम्मपाल म्हणाला, "काकी, टेप जुनी आहे. एकदाच नीट चालेल असं धरून चालू. मध्ये चौकटी चौकटी दिसल्या तर घाबरू नका." त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

टेप सुरू झाली. आधी निळं, मग हॉलचं दार, झेंडूचं तोरण. आणि दारात आमचे हे. हातात ताट धरून.

मला हे माहीतच नव्हतं. मी आत अनुजाचा अंबाडा घालत होते. आपल्या घरचं ताट, तर आपणच धरायचं, असं म्हणून ह्यांनी दुसऱ्या कोणाला धरू दिलं नव्हतं म्हणे. सीडीत हा तुकडा नव्हता, लग्नाशी काय संबंध म्हणून वैभवने कापला होता.

पण हे तसेच. लांबट, सुकलेले. मी उठायला लागले.

"थांबा, काकी," धम्मपाल म्हणाला. चित्र तिथेच थांबवलं. "माणसाकडे बघू नका. ताटाकडे बघा. कसं दिसतं?"

मी बघितलं. "उभट. पपनसाच्या फोडीसारखं."

मग त्याने फडताळातून खरं ताट काढलं, पाठ वळवून मला 'शे. धों.' दाखवलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "आणि हे?"

"हे गोल आहे."

"एकच ताट आहे ना?"

"एकच."

"मग टीव्हीतलं ताट आजारी होतं का, काकी?"

मी मांडीवरच्या ताटाच्या काठावरून बोट फिरवत राहिले, सबंध एक फेरी.

"आता बघा," म्हणाला आणि बटण दाबलं.

ताट दोन्ही बाजूंनी हळूच सुटलं. गोल झालं, पुरणपोळीसारखं. आणि ताटामागे माझा नवरा सुटला. गाल आले. खांदे आले. पोट आलं. कोटाचं मधलं बटण असं ताणलेलं, की आता सुटतं का मग. आणि मला ते बटण आठवलं. लग्नाच्या सकाळी ते तुटून पलंगाखाली गेलं होतं आणि मी ओरडत, दुहेरी दोऱ्याने ते लावून दिलं होतं. म्हटलं होतं, लेकीच्या लग्नात तरी दोन घास कमी खा. सतरा वर्षं मी हे विसरून गेले होते. टीव्हीतल्या खोट्या चित्रापुढे माझ्याच हाताने लावलेलं बटण मला आठवलं नव्हतं.

टेप पुढे चालली. टीव्हीतून आवाज आला, धम्मपालचा, तरुण, "काका, हलू नका, दहा सेकंद." आणि हे म्हणाले, "अरे, दहा सेकंदात जिलबी थंड होता मरे." आणि हसले. पोट हललं, ताट हललं.

श्रेया रडत होती. वैभव दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. मी रडले नाही. मी म्हटलं, "परत लाव." त्याने लावलं. "परत लाव." पाच वेळा लावलं असेल. मग मी ह्यांना, टीव्हीतल्यांना, म्हटलं, "बघितलंत? धडधाकट होतात. मला दिसण्यासारखं काही नव्हतंच." त्यांनी विचारलं होतं ना. उत्तर द्यायचं राहिलं होतं.

धम्मपालने सगळी टेप नीट उतरवून घेतली. त्या फायली त्याने श्रेयाला दिल्या आणि शेजारी बसून तिच्याकडून फिल्म करवून घेतली. तिची एक मैत्रीण म्हणाली होती, की मोबाइलवर बघायला उभी कर, बाजू कापून टाक. धम्मपाल म्हणाला, "कडेला तुझे आजोबा उभे आहेत. बाजू कापायच्या नाहीत. काळं आलं तर येऊ दे." श्रेयाने कापल्या नाहीत.

हे झालं कार्तिकात. पुढच्या माघात धम्मपाल गेला. सोमवारी सकाळी दुकानाचं शटर उचलताना छातीत कळ आली, तिथेच बसला. पन्नासही पूर्ण नव्हती. दहाव्या दिवशी सीमा भेटायला आली आणि दुपारभर माझ्याजवळ बसली.

पण मला त्याचा तो सोमवार आठवत नाही. आदला रविवार आठवतो.

रविवारी वरळीला एक लग्न होतं, नव्या टॉवरच्या हॉलमध्ये. सकाळी तो ताट घेऊन गेला होता. श्रेया त्याला चिडवायची, की काका, आताचे कॅमेरे स्वतःच सगळं बरोबर करतात. तो म्हणायचा, "करतात गं. पण मी बघितलं की मला बरं वाटतं." संध्याकाळी दिवेलागणीला वर आला. चपला जुळवल्या. ताट आणलं होतं. त्यावर कुंकू होतं आणि दोन अक्षता चिकटलेल्या.

"काकी, टॉवरमध्ये गेले तरी कुंकू सुटत नाही बघा."

मी म्हटलं, ठेव, मी घासते. त्याने ऐकलं नाही. मोरीत बसून राखेसारखी ती पावडर घेऊन ताट घासलं, पालथं घालून पाणी निथळू दिलं, पुसलं आणि मांडणीत त्याच्या जागेवर उभं लावलं. मी पाणी दिलं. तो उभ्यानेच प्यायला. टीव्हीवर कसला तरी जुना सिनेमा चालू होता, शेजारची प्रिती बसली होती बघत. तिने चित्र ताणून ठेवलं होतं.

"रिमोट कुठाय?" धम्मपाल म्हणाला.

"काका, बघू दे ना, मोठं दिसतंय," प्रिती म्हणाली.

"मोठं नाही, जाडं दिसतंय." त्याने रिमोट घेतला, दोन बटणं दाबली. हिरो-हिरॉइन होती तशी झाली, बाजूंना काळं आलं. त्याने एक क्षण डोळे बारीक करून बघितलं, ठीक आहे अशी मान हलवली आणि रिमोट टीव्हीच्या कपाटावर सरळ ठेवला.

"उद्या काय, काकी?"

"वालाची उसळ."

"वा. येतो," म्हणाला.

"ये," मी म्हटलं.